रेसच्या सायकलवरचे घरमालक

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "सायकल कुठली आहे?"

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातलं ते बसकं, कौलारू घर. पुढे ओटा, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेला एक सुटी खोली. मी धर्माबादकडच्या खेड्यातला, मॅट्रिक होऊन नुकताच सरकारी दफ्तरात कारकून लागलेला. त्याआधी काचीगुडा, जामबाग अशी बरीच फिरफिर झाली होती. सगळीकडे बोलणं गोडीनं सुरू व्हायचं, गावाचं नाव, मग आडनाव निघायचं, आणि खोली आदल्याच दिवशी कुणा भाच्याला देऊन टाकलेली असायची. त्याला कंटाळून इथं मी ओट्यावर उभं राहूनच सांगून टाकलं, "मी गावकुसाबाहेरचा आहे. चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. फाटकाला टेकवलेल्या माझ्या सायकलीकडे बघत होते. काळी, जाडजूड, मागे पोतं मावेल एवढं कॅरिअर असलेली ती सायकल माझ्या थोरल्या भावानं वापरून मला दिली होती.

"ही सायकल नाही जनाब," ते म्हणाले. "ही बैलगाडी आहे. बैल तुम्ही. खोली घ्या, पण हिला ओट्यावर चढवू नका. वर आमची असते."

आमची म्हणजे त्यांची रेसची सायकल. ती ओट्यावरही नसायची, थेट बैठकीत असायची. भिंतीला दोन खुंट्या मारून त्यांवर ती टांगलेली. सिकंदराबादेतला एक गोरा साहेब देश सोडून जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ती यांनी घेतली होती. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, सीट तळहाताएवढी आणि तितकीच हाडाची, टायर बोटाएवढे बारीक. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, दिवा तर नाहीच.

आणि या सायकलीवर बसून हा पन्नाशीचा गृहस्थ रोज दफ्तरात जायचा. परभणीकडच्या शेतकरी घरातला, महसूल खात्यात हेडक्लार्क, अंगात शेरवानी, डोक्यावर काळी टोपी. निघताना ते शेरवानीचा घोळ वर घेऊन कमरेला सुतळीनं बांधत, पायजम्याला चिमटे लावत आणि हँडलवर असे वाकत की समोरून येणाऱ्याला आधी टोपी दिसायची, मग माणूस. घंटी नसल्यामुळे ते तोंडानंच "होश्यार, होश्यार" असं ओरडत जायचे. काचीगुड्याच्या चौकातले टांगेवाले त्यांना होश्यारसाब म्हणायचे. मी मात्र त्यांना काका म्हणू लागलो, आणि त्यांच्या बायकोला काकू.

पावसाळ्यात मडगार्ड नसल्यामुळे मागचं चाक त्यांच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ ओढायचं. दफ्तरात त्यांचा शिपाई दारातच ओला फडका घेऊन उभा असायचा. सीटमुळे दफ्तरात पोचल्यावर पहिला काही वेळ ते बसत नसत. उभ्या उभ्या फायली बघत. नवीन साहेबाला वाटायचं, काय कष्टाळू माणूस आहे! दिवा नसल्यामुळे दिवेलागणीच्या आत घरी यावंच लागे, नाहीतर पोलीस अडवायचा. काकू म्हणायच्या, "त्या सायकलीचे एवढे तर उपकार आहेत. बाकीच्यांचे नवरे बघा, हॉटेलात बसून ऱ्हातात."

सुलतान बाजारातून भाजी आणायची तर पिशवी अडकवायला जागा नाही. मग पिशवी गळ्यात. एकदा त्यांनी दोन दुधी भोपळे गळ्यात बांधून आणले. ते वाकले की भोपळे पुढे यायचे आणि गुडघ्यांवर आपटायचे. घरी येईपर्यंत एक फुटला होता.

"काका," मी न राहवून म्हणालो, "रेसची सायकल रेस खेळणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला तर फक्त दफ्तरात जायचं असतं."

"दफ्तरात जायचं असतं म्हणून तर!" ते म्हणाले. "जो जिंकणार आहे तो कशावरही बसून जिंकेल. ज्याला रोज त्याच रस्त्यानं त्याच टेबलाकडे जायचंय, त्याला चांगल्या चिजेची जास्त जरूर आहे. कुणीतरी कारागिरानं जीव ओतून ही बनवली. ती फक्त पहिला नंबर येणाऱ्यांनी वापरायची, हा कुठला कायदा?"

पण फुटलेल्या भोपळ्याची भाजी खाताना काकूंनी त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कारागिरानं भोपळ्याचा विचार नाही केला."

वाऱ्याबद्दलही त्यांचं एक मत होतं. लोक सायकलवर ताठ बसतात आणि वाऱ्याला छाती दाखवतात, हीच मुळात चूक. "साहेबापुढे ताठ राहावं, वाऱ्यापुढे वाकावं. आपल्या लोकांचं उलटं आहे." आणि खरोखर, दफ्तरात ते कुणापुढे वाकल्याचं मी ऐकलं नाही. दोनदा बढती हुकली ती त्यामुळेच, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगायचे.

हीच गोष्ट त्यांनी एकदा पाण्यावर करून पाहिली. हुसेनसागरच्या काठी साहेबलोकांचा एक होड्यांचा क्लब होता. तिथला हिशेबनीस त्यांचा दोस्त. एका रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो तर काकांना शर्यतीची एक होडी दिसली, लांबलचक आणि सुरईच्या मानेसारखी निमुळती. ती बघून त्यांचे डोळे चमकले. दोस्त म्हणाला, "मियाँ, सैर करायची तर ती रुंद नाव घ्या. चार लोक बसून चहा पितात तिच्यात. हिच्यात बसायला सहा महिने शिकावं लागतं."

"चहा मी घरी पितो," काका म्हणाले, आणि शेरवानी काढून माझ्या हातात देऊन त्या होडीत उतरले. उतरले म्हणजे एका बाजूनं चढले आणि दुसऱ्या बाजूनं पाण्यात गेले. मधे बसल्याचं काही मला दिसलं नाही. पाणी कमरेइतकंच होतं. टोपी तरंगत पुढे निघाली, तिच्यामागे काका. काठावर आल्यावर त्यांनी टोपी पिळली आणि गंभीरपणे म्हणाले, "होडीचा दोष नाही. मीच तिच्यात सरकारी नोकरासारखा बसायला गेलो."

रुंद नावेत मात्र ते बसले नाहीत. आम्ही कट्ट्यावर बसून भाजलेले हरभरे खाल्ले आणि त्यांचे कपडे वाळायची वाट पाहिली.

एका पहाटे त्यांनी मलाही बळंच रेसच्या सायकलीवर बसवलं. तलावाच्या बांधावरचा लांब मोकळा रस्ता होता. सुरुवातीला माझी पाठ दुखली, मान अवघडली, समोरचं काही दिसेना. खड्डा आला तो सरळ दातांपर्यंत पोचला. पण बांधाच्या मध्यावर कुठंतरी पायांखाली काही नसल्यासारखं झालं. मी पाय मारतोय असं वाटेचना. डावीकडे पाणी, उजवीकडे उतार, आणि मी मधून नुसता वाहत निघालोय. गावातून शहरात आल्यापासून मी प्रत्येक ठिकाणी अंग चोरून वागत होतो. त्या थोड्या वेळात अंग कुठं आहे हेच विसरलो. परत आलो तेव्हा काका माझ्या तोंडाकडे बघून फक्त हसले.

काकूंचं माझ्याशी वागणं वेगळं होतं. त्या वाईट बोलल्या नाहीत कधी. "भाऊ, चहा ठेवलाय" असं हाक मारून सांगायच्या. पण माझा कप वेगळा होता, अंगणातल्या कोनाड्यात ठेवलेला, आणि त्यात चहा वरून ओतला जायचा. मला त्याची सवय होती. काकांच्या ते ध्यानातच आलं नसावं. सायकल सोडून घरातल्या कुठल्या वस्तूकडे त्यांचं लक्ष असायचं असं नाही. काकू जन्मापासून हैदराबादच्या. माहेर जामबागेत. त्यांच्या मराठीत अर्धी दखनी मिसळलेली. गुडघे दुखायचे म्हणून दर शुक्रवारी बहिणीकडे जाताना त्यांना रिक्षा लागायची. काका बरोबर जायचे, पण सायकलीवर. रिक्षाच्या चालीनं त्यांना चालवता यायची नाही, म्हणून ते पुढे जायचे, वळून परत यायचे, रिक्षाभोवती फेरी घेऊन पुन्हा पुढे जायचे. काकू पदराआड तोंड लपवून बसायच्या.

मग राज्य तुटायच्या गोष्टी सुरू झाल्या. मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि हैदराबाद तेलुगू मुलखाबरोबर राहणार. दफ्तरात दुसरा विषय नसायचा. कोण कुठं फेकला जाणार, मुलांच्या शाळेचं काय, घराचं काय. रस्त्यात सभा, मिरवणुका, मधूनच हरताळ.

अशाच एका हरताळाच्या दुपारची गोष्ट. मी सुलतान बाजारात मित्राकडे गेलो होतो. दुकानं बंद होती. टांगे, रिक्षा, बस काही नव्हतं. परत येताना काचीगुड्याच्या अलीकडे, रिकाम्या रस्त्यावर, मला समोरून काका येताना दिसले. ते चालत होते. डोक्यावर टोपी नव्हती. टोपीशिवाय रस्त्यावर मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हातात रेसची सायकल, आणि तिच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या काकू. पदराचा बोळा दातांत धरलेला, तोंड पांढरंफटक, दोन्ही हात पोटावर. हँडल खाली वळलेलं, त्यामुळे त्यांना धरायला काही नव्हतं. काका एका हातानं त्यांना आणि एका हातानं सायकल सावरत होते. पुढचा टायर सपाट झाला होता आणि चाक दर दोन पावलांनी आडवं फिरत होतं.

"सकाळपासून पोटात दुखतंय," काका म्हणाले. "आता उभंही राहता येईना. दवाखाना अजून..."

मी माझी सायकल वळवली. "काकू, माझ्या मागं बसा. कॅरिअर मोठं आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना दोष देत नाही. साऱ्या जन्माची सवय एका क्षणात कशी जाणार? मीसुद्धा नजर खाली घातली. मग त्यांच्या पोटात पुन्हा कळ आली आणि त्या म्हणाल्या, "भाऊ, हल्लू चला. लई हिसके देऊ नका."

काकांनी त्यांना उचलून कॅरिअरवर बसवलं. काकूंनी माझ्या खांद्याला घट्ट धरलं. काकांनी रेसची सायकल समोरच्या बंद दुकानाला टेकवली, जी ते रस्त्यावर कधी एकटी सोडत नसत, आणि मागे वळूनही न बघता ते आमच्या बाजूनं धावत सुटले. एक हात काकूंच्या पाठीला लावलेला. कोठीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.

अपेंडिक्स होतं. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो. डॉक्टर येऊन "ठीक आहे" म्हणाले तेव्हा काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं ती सायकल माझ्याकडे आहे. हिला कुठं बसवायचं, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानाशी गेलो. दुकानदारानं सायकल आत उचलून ठेवली होती. "होश्यारसाबची आहे ना," तो म्हणाला. "बेगमसाब कशा आहेत?"

काकू घरी आल्या त्याच आठवड्यात काका रेसची सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेले. हिला कॅरिअर बसवून दे म्हणाले. म्हातारा मिस्त्री सायकलीवरून हात फिरवत म्हणाला, "साब, घोड्याला गधा बनवायला सांगता? हिची नळी ओझं घेणार नाही. मोडेल. आणि तुम्हीच येऊन माझ्या नावानं रडाल."

तेव्हा काकांनी माझ्यासारखी काळी, जाडी सायकल घेतली. कॅरिअरवर काथ्या भरलेली गादी शिवून घेतली. शुक्रवारी काकू तिच्यावर बसून जामबागेला जायला लागल्या. काका ताठ बसलेले, कपाळाला आठ्या, वाऱ्याला छाती दाखवत. मागून काकूंचा आवाज, "हल्लू, हल्लू." आमच्या गल्लीतले लोक दारात येऊन बघायचे. काकूंनी तोंड मात्र आता पदराआड घेतलं नाही.

कोनाड्यातल्या कपाचं काय झालं ते मी विचारलं नाही. काकू बऱ्या होऊन चुलीशी बसू लागल्या त्या दिवशी त्यांनी आतून हाक मारली, "भाऊ, तिथं कशाला उभे? आत या, चहा थंड होतोय." मी चपला काढून आत गेलो. काका भिंतीवरच्या सायकलीला तेल देत होते.

"मग काका," मी चिडवलं, "रेसची सायकल आपल्यासारख्यांसाठी नाही, हे कबूल?"

त्यांनी चेनवर तेलाचा आणखी एक थेंब सोडला. "ही एकट्या माणसाची आहे," ते म्हणाले. "मी एकटा नाही, हे मी विसरलो. पण पहाटेचा मी एकटाच असतो की! तेवढ्यापुरती राहू द्या."

पुढं हुकूम निघाले. काकांची नेमणूक औरंगाबादला झाली. माझं खातं वेगळं, मला इथंच ठेवलं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. "मी हैदराबादची," त्या म्हणत होत्या. "तिथल्या बाया माझ्या बोलण्याला हसतील. तिथं माझं कोण आहे?" काका त्यांच्याजवळ बसून होते. बाहेर निघून जाणं सोपं होतं, पण ते बसून राहिले. शेवटी म्हणाले, "तिथं तुझं कुणी नाही आणि माझंही नाही. परभणीत आता कोण राहिलंय! दोघं नवीन. तू बोल, मी हसणाऱ्यांकडे बघतो."

सामान बांधलं गेलं. घर माझ्यावर सोपवलं, पुढं तिथं एक तेलुगू कुटुंब राहायला आलं. काळी सायकल रेल्वेनं जाणार होती, काकूंबरोबर. बहिणीचा मुलगा सोबतीला होता. आणि रेसची?

"ती मी चालवत नेणार," काका म्हणाले.

मला वाटलं गंमत करतायत. "औरंगाबादपर्यंत? काका, रस्ता बघितलाय का? निम्मा खडीचा आहे. हे टायर टिकणार नाहीत."

"सरकार मला उचलून तिकडे ठेवतंय," ते म्हणाले. "फाईल ठेवतात तसं. माझं म्हणणं आहे, मी जातो. माझ्या पायांनी. रुजू व्हायला अजून मुदत आहे."

मी काकूंकडे बघितलं. त्या थांबवतील अशी आशा होती. त्या दशम्या बांधत होत्या. "जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "रेलमध्ये बसले तर सगळ्या डब्याला परेशान करतील."

काचीगुडा स्टेशनावर मी काकूंना गाडीत बसवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कानशिलावर बोटं मोडली. काका दोन दिवस आधीच निघाले होते. पहाटे फाटक उघडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो, तर ते शेरवानीचा घोळ सुतळीनं बांधत होते. पाठीला एक पडशी. "होश्यार राहा जनाब," एवढंच म्हणाले आणि वाकून निघून गेले. वळणापर्यंत त्यांची पाठ दिसत होती.

ते पोचल्याचं मला दफ्तरातल्या लोकांकडून कळलं. कसे पोचले ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं पुढल्या उन्हाळ्यात, मी रजेवर गावी गेलो तेव्हा. आमची वस्ती गावापासून सुटी, ओढ्याच्या अंगाला. पहिल्याच जेवणाला आई म्हणाली, "तुजा घरमालक आला व्हता की."

घास माझ्या हातातच राहिला. "कुठं?"

"कुठं म्हंजी? हितं. तुज्या बापाचं नाव इचारत आला वस्तीत. माणसं भ्यालीच आदी, टोपीवाला सायब कशाला आला म्हणून. वाटेनं बाभळीचे काटे, दोन्ही चाकं मेलेली. सायकल खांद्यावर घेऊन चालत आला बग, ओढ्यातून. मी म्हन्लं, आवं, ही सायकल तुमाला आनती का तुमी हिला? तर हसला. म्हन्ला, हलकी हाय, म्हणून तर आली. जड असती तर टाकून द्यावी लागली असती."

"मग?"

"मग काय? भाकर केली, पिठलं केलं. लोकं दारात जमली बगायला. गावातला एकजण येऊन म्हन्ला, सायब, तुमची सोय वरच्या आळीत करतो. तर म्हन्ला, माजी सोय झालीया. पोटभर जेवला. तुज्या बापाशेजारी अंगणात झोपला. सकाळी तुज्या बापानं गाडी जुंपली न् धर्माबादच्या ठेसनावर नेऊन आगगाडीत बसवलं, सायकलीसकट." आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "जाताना मला म्हन्ला, तुमच्या पोराच्या पाठीवर बसून आमची बाई जगली. तू काय केलंवतंस रं?"

मी तिला हरताळाची गोष्ट सांगितली. तिनं ती दोनदा सांगायला लावली.

काकांची माझी त्यानंतर औरंगाबादला दोनतीनदा भेट झाली. बैठकीत तशाच दोन खुंट्या, त्यांवर तीच सायकल. काकूंना मैत्रिणी मिळाल्या होत्या आणि त्यांच्याकडून त्या दखनी शब्द वदवून घेत होत्या. गप्पा खूप झाल्या, पण आमच्या गावाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. एकदाच मी सहज म्हणालो, "निजामाबादच्या सडकेनं गेला असाल ना तेव्हा?" ते म्हणाले, "हो, सरळ सडक आहे."

सडक सरळच आहे. आमचं गाव मात्र तिच्यावर नाही. फाट्याला उतरून, शेतांतल्या गाडीवाटेनं, ओढा ओलांडून बरंच आत यावं लागतं.